झपाटलेला वाडा : कादंबरींतला आणि इतिहासांतला

पावसाळ्याच्या दिवसांत पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी मळवली सोडून लोणावळ्याजवळ येऊं लागली, कीं डाव्या हातचे लोहगड व विसापूर हे दोन्ही किल्ले धुक्यांत बुडून जातात, आणि थोड्याच वेळानें झाडींतून बंगल्यांचीं कौलारू छपरें दिसूं लागतात. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडीचा मार्ग खुला झाला आणि त्यानंतर लोणावळें व खंडाळें हीं गांवें हवा पालटण्याचीं ठिकाणें म्हणून वाढलीं. मुंबईच्या धनिकांनीं येथें हौसेनें बंगले बांधले. यांतील कित्येक बंगले वर्षाचे बरेच महिने बंद असतात. दारास कुलूप, भिंतींवर शेवाळ, आवारांत एखादा वृद्ध माळी. अशा बंगल्यासंबंधानें गांवांत कांहीं ना कांहीं गोष्ट निघाल्यावांचून राहत नाहीं. कोणास वरच्या मजल्यावर दिवा हललेला दिसतो, तर कोणास रिकाम्या जिन्यावर पावलें ऐकूं येतात.

परंतु बंद घर म्हणजे झपाटलेलें घर नव्हे. शाळेची इमारत मे महिन्यांत रिकामी असते. धान्याची वखार रात्रीं काळोखांत असते. पण तेथें भूत आहे असें सहसा कोणी म्हणत नाहीं. ज्या घरावर कोणाचा तरी हक्क होता आणि तो बुडाला, जेथें कोणाचें तरी मरण दडपलें गेलें, जेथील मालकी निर्वेध नाहीं, असेंच घर लोकांची कल्पना निवडून काढते. गोष्ट सांगणारास खरा खून ठाऊक नसला तर तो एखादा कल्पितो. पण खुनावांचून आणि वारशाच्या तंट्यावांचून गोष्ट पुरी होत नाहीं. पाश्चात्य वाङ्मयांत ‘गॉथिक’ या नांवानें ओळखला जाणारा ऐतिहासिक अद्भुत कादंबरीचा प्रकार याच नियमावर उभा आहे. पुण्याच्या एका वाड्याची आणि त्या वाड्यापासून निघून थेट मावळांत येऊन पोंचलेली एक हकीकत हा त्याच नियमाचा खरा घडलेला दाखला आहे. दोहोंची तुलना केली असतां भुताची गोष्ट काय जपून ठेवते आणि काय हरवते, हें स्पष्ट दिसूं लागतें.

‘गॉथिक’ हा शब्द मूळचा गॉथ नांवाच्या जमातीवरून आलेला. पुढें तो युरोपांतील मध्ययुगीन बांधणीस, म्हणजे टोंकदार कमानी, उंच मनोरे, अंधारे ओवरे यांस लावण्यांत येऊं लागला, आणि आरंभीं त्यांत ‘रानटी’ असा तुच्छतेचाच भाव होता. अठराव्या शतकांत होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थास या बांधणीचा छंद जडला. हा इंग्लंडच्या एका प्रसिद्ध मुख्य प्रधानाचा मुलगा. लंडननजीक स्ट्रॉबेरी हिल येथें त्यानें आपलें राहतें घरच त्या जुन्या धर्तीवर सजविलें. १७६४ च्या डिसेंबरांत त्यानें ‘ओट्रँटोचा किल्ला’ ही लहानशी कादंबरी प्रसिद्ध केली. लोक हंसतील या भीतीनें त्यानें तिच्यावर आपलें नांव घातलें नाहीं. १५२९ सालीं नेपल्स येथें छापलेल्या एका इटालियन पुस्तकाचें हें भाषांतर आहे असें भासविलें. पुस्तक हातोहात खपलें, तेव्हां १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तींत नांव उघड केलें आणि ‘एक गॉथिक कथा’ असे शब्द शीर्षकास जोडले. या प्रकारास नांव मिळालें तें येथून.

कथानक सांगावयाचें तर असें. मॅनफ्रेड हा ओट्रँटोचा राजा. त्याच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशींच एक प्रचंड शिरस्त्राण आकाशांतून पडावें तसें कोसळतें आणि मुलगा त्याखालीं चिरडून मरतो. पुढें तसबिरींतला पूर्वज चौकटीबाहेर येतो, दगडी पुतळ्याच्या नाकांतून रक्त गळतें, भेदरलेली राजकन्या भुयारांतून पळत सुटते. हा सारा गोंधळ कशासाठीं, याचा उलगडा शेवटीं होतो. मॅनफ्रेडच्या आजानें खऱ्या धन्यास विष घालून मारलें होतें आणि खोट्या मृत्युपत्राच्या जोरावर राज्य बळकावलें होतें. खरा वारस शेतकऱ्याच्या वेषांत त्याच किल्ल्यांत वावरत असतो. तो ओळखला जातो, आणि किल्ल्याच्या भिंती कोसळतात. म्हणजे तें अवाढव्य शिरस्त्राण केवळ भिववण्यासाठीं पडलेलें नाहीं. दोन पिढ्या दबून राहिलेली फिर्यादच त्या रूपानें दारांत येऊन उभी राहिली आहे.

वॉलपोलच्या मागून आलेल्या लेखकांनीं हेंच सूत्र पुढें चालविलें. क्लारा रीव्ह या लेखिकेची ‘जुना इंग्रज सरदार’ ही कादंबरी १७७८ सालीं या नांवानें निघाली. तींत किल्ल्याचा एक भाग वर्षानुवर्षें बंद ठेवलेला असतो, तेथें रात्र काढणाऱ्या तरुणास खून झालेल्या धन्याची ओळख पटते आणि तो तरुण त्याचाच मुलगा ठरतो. ॲन रॅडक्लिफ हिनें १७९४ च्या ‘उडॉल्फोचीं रहस्यें’ या कादंबरींत निराळी युक्ति केली. नायिका एका चौकटीवरचा काळा पडदा उचलते आणि मूर्च्छित पडते. पडद्याआड काय होतें हें वाचकास शेंकडों पानें कळत नाहीं. अखेरीस तें मेणाचें चित्र होतें असें समजतें. भुतांचा असा उलगडा देणारी ही शाखा निघाली, तरी वाड्यांतला दुष्ट पालक, कैदेंतील मुलगी आणि तिची बळकावूं पाहिलेली मिळकत हीं मात्र कायमच राहिलीं. या वेडाची गोड थट्टा जेन ऑस्टिन हिनें केली. तिच्या ‘नॉर्थँगर ॲबे’ या कादंबरींतील मुलगी वादळी रात्रीं जुन्या कपाटांतून एक गूढ गुंडाळी काढते. सकाळीं पाहते तों तीं परटाच्या हिशेबाचीं टिपणें!

या कादंबऱ्यांतून चार गोष्टी पुनःपुन्हां येतात. पहिली, राहणाऱ्यांहून मोठें झालेलें घर. दुसरी, त्या घरांतील एक बंद जागा. तिसरी, वारशासाठीं झालेला गुन्हा. आणि चौथी, तो गुन्हा विसरूं न देणारा आवाज. मराठी माणसास हें परकें वाटावयाचें कारण नाहीं. आपल्याकडील भुतांचीं नांवें पाहिलीं तर तीं याच हिशेबानें पडलेलीं आहेत. मुंज झाली पण संसार लाभला नाहीं तो मुंजा. धनावर जीव गुंतून मेला तो समंध. बाळंतपणांत गेली तिची हडळ झाली असें म्हणत. प्रत्येक नांवामागें कांहींतरी अपुरें राहिलेलें आहे. ज्याचें सर्व कांहीं यथासांग झालें त्याचें भूत होत नाहीं, अशी ही लोकसमजूत. भुताच्या अस्तित्वावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु अपुरें राहिलेलें ऋण लोक विसरत नाहींत, एवढें सत्य त्या समजुतींत खचित आहे.

आतां इतिहासांतील वाड्याकडे वळावें. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं घातला आणि दोन वर्षांनीं, १७३२ च्या जानेवारींत, त्याची वास्तुशांति झाली. पुढें प्रत्येक पेशव्यानें त्यांत भर घातली आणि वाडा राहणाऱ्यांहून मोठा झाला. १७७२ च्या नोव्हेंबरांत थोरले माधवराव वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हे त्याच वाड्यांत नजरकैदेंत होते. म्हणजे वॉलपोलनें कल्पिलेलें सारें साहित्य या एका इमारतींत जमलें होतें. तरुण धनी, वडील माणसाचा डावललेला हक्क आणि पहारा बसविलेली एक जागा.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणपतीच्या उत्सवाचे दिवस असतांना, दुपारीं गारदी वाड्यांत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ हे त्यांचे पुढारी. थकलेल्या पगाराची मागणी हें निमित्त. अठरा वर्षांचा पेशवा जीव घेऊन धांवला तो चुलत्याच्याच दालनांत, आणि त्यानें चुलत्यास मिठी मारली. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. तोही मारला गेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले. वाड्यांतील दासीही त्या कत्तलींत सांपडल्या. नारायणरावाचें दहन त्याच रात्रीं उरकण्यांत आलें. ज्या दरवाजानें देह बाहेर नेला असें सांगतात, त्यास नारायण दरवाजा म्हणतात. ‘काका, मला वाचवा’ ही त्या दिवशींची हांक म्हणून महाराष्ट्रांतील प्रत्येक घरांत ठाऊक आहे. १८२८ च्या फेब्रुवारींत वाड्यास मोठी आग लागून आंतील दालनें जळून गेलीं; आज तट, दरवाजे आणि जोतीं एवढेंच उरलें आहे. तरी ठराविक रात्रीं ती हांक तेथें ऐकूं येते, असें सांगणारे अद्याप भेटतात. दालन जळलें, पण हांक उरली!

कालाचा योग येथें ध्यानांत घेण्यासारखा आहे. वॉलपोलची कादंबरी निघाल्यास नऊ वर्षें झालीं नव्हतीं, आणि ‘उडॉल्फो’ निघावयास अजून वीस वर्षें अवकाश होता. लंडनांतील वाचक कागदावरच्या किल्ल्यांत बळकावलेल्या गादीच्या कथा वाचीत होते, त्याच काळांत पुण्याच्या खऱ्या वाड्यांत ती कथा रक्तानें घडली. दोन्हींकडील लोक एकमेकांस ओळखीत नव्हते. पण घर, गादी आणि लोभ हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे मनुष्यस्वभाव कोठेंही सारखाच वागतो.

येथपर्यंत इतिहास आणि कादंबरी बरोबरीनें चालतात. यापुढें मात्र त्यांची फारकत होते. कादंबरींत गुन्हा उघडकीस आणण्यासाठीं भुतास यावें लागतें, कारण त्या किल्ल्यांत न्यायाधीश नसतो. पुण्यांत तो होता. रामशास्त्री प्रभुणे यांनीं या प्रकरणाचा तपास केला. रघुनाथरावाच्या आज्ञेचा एक कागद त्यांच्या हातीं लागला. त्यांत नारायणरावास ‘धरावें’ असें मूळ असून तें ‘मारावें’ असें फिरविलेलें होतें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. हा ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला? लोकांनीं तो आनंदीबाईच्या माथीं मारला. परंतु हा परंपरेचा आरोप आहे, पुराव्यानें शाबीत झालेला गुन्हा नव्हे. प्रत्येक झपाटलेल्या वाड्यास एक कपटी स्त्री लागते, ही कथेची गरज असते. न्यायासनास ती गरज नसते. रामशास्त्र्यांनीं सत्ताधारी पेशव्यालाच दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्तावांचून दुसरा उपाय नाहीं असें तोंडावर सांगितलें, आणि पद सोडून ते वाईनजीकच्या खेड्यांत निघून गेले.

निकाल लागला, पण अंमलांत आला नाहीं. या एका वाक्यांत त्या हांकेचें सारें रहस्य आहे. जो खून कोणास ठाऊकच नाहीं तो विसरला जाऊं शकतो. ज्याची शिक्षा भोगून झाली तोही विसरला जातो. पण ज्याचा निकाल सर्वांनीं ऐकला आणि ज्याची बजावणी कोणीच पाहिली नाहीं, तो खून पिढ्यान्‌पिढ्या घरांतून फिरत राहतो. अर्थात् राज्यकारभारानें आपल्या परीनें उत्तर दिलें. नाना फडणीस, सखाराम बापू आदि कारभाऱ्यांनीं, ज्यांस बारभाई म्हणतात, नारायणरावाची गरोदर विधवा गंगाबाई हिला पुरंदरावर सुरक्षित ठेवलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. रघुनाथराव गादीस मुकले आणि इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७७५ सालीं सुरतेस तह झाला. आणि वाड्यांतला गुन्हा घाट उतरून मुंबईस गेला, तो फौज घेऊन परत येण्यासाठीं.

ती फौज आली ती मावळांतूनच. क्लारा रीव्हची कादंबरी ज्या सालीं निघाली त्याच १७७८ सालच्या नोव्हेंबरांत सुमारे ३,९०० सैन्य मुंबईहून निघालें. त्याबरोबर ओझ्याचे बैल १९,००० वर होते. रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसवावयाचें हा उद्देश. पनवेलवरून बोरघाट चढून हें लटांबर खंडाळ्यास आलें. आज आगगाडी लोणावळ्याहून कारलें, वडगांव, तळेगांव या बाजूनें अल्पावकाशांत निघून जाते. त्या सैन्यास घाटमाथ्यावरून कारल्यापर्यंतचें थोडेसें अंतर काटण्यास कित्येक दिवस लागले, कारण मराठ्यांच्या तुकड्या दोन्ही अंगांनीं त्यास टोंचीत होत्या. १७७९ च्या जानेवारींत इंग्रज तळेगांवास पोंचले तेव्हां गांव जळून ओस पडलेलें होतें. दाणा नाहीं, वैरण नाहीं. जड तोफा तलावांत लोटून त्यांनीं ११ जानेवारीच्या रात्रीं माघार घेतली. वडगांवाजवळ महादजी शिंदे व इतर सरदारांच्या फौजांनीं त्यांस गाठून कोंडलें आणि तेथें त्यांस मानहानीचा करार करावा लागला. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. पुढें त्यांची गादीची आशा संपली आणि १७८३ सालीं कोपरगांवास त्यांचा अंत झाला. कादंबरींत बळकावणाराच्या डोक्यावर किल्ला कोसळतो; इतिहासांत त्याचा पराभव मावळच्या जळलेल्या गांवांतून होतो. आणि तीं गांवें जळलीं त्यांतील रयतेचा वाड्यांतल्या भाऊबंदकीशीं काडीचाही संबंध नव्हता, हेंही येथें नमूद करणें प्राप्त आहे.

या मोहिमेनें मावळास एक गोष्ट दिली. कॅप्टन स्टुअर्ट हा इंग्रज अधिकारी कारल्याजवळ गोळा लागून पडला. त्याचें शौर्य पाहून मराठ्यांनींच त्यास ‘इष्टुर फांकडा’ हें नांव दिलें. वडगांवांत त्याच्या नांवाची समाधि आहे. शत्रु होता तो लोकांच्या तोंडीं ‘फांकडा’ झाला, हा मावळच्या मनाचा मोठेपणा. पण येथेंही तोच नियम दिसतो. परक्या मुलुखांत, दुसऱ्याच्या भांडणांत, अर्ध्या वाटेवर पडलेल्या माणसाचीच आठवण लोकांनीं ठेविली. मुंबईस सुखरूप परतलेल्यांचीं नांवें मावळांत कोणी घेत नाहीं.

लोणावळ्याच्या खिडकींतून दिसणारा लोहगड तर अशा कथांचें आगरच म्हणावा. त्याच्या गणेश दरवाजाची बांधणी नाना फडणिसांच्या काळची. त्या दरवाजाच्या बुरुजाखालीं एका मराठा घराण्यांतील माणसांचा बळी दिला गेला आणि त्याबद्दल त्या घराण्यास लोहगडवाडीची पाटिलकी मिळाली, अशी परंपरागत कथा आहे. ती खरी असो वा नसो, तिची घडण विचार करण्याजोगी आहे. पायांत माणूस आणि वर वतन! गॉथिक कादंबरी जें शेंकडों पानांत सांगते तें मावळच्या माणसानें दोन वाक्यांत सांगितलें आहे, कीं मोठ्या दरवाजाची किंमत कोणीतरी दिलेली असते, आणि ती देणारा दरवाजांतून कधींच आंत येत नाहीं.

याच गडावर नानांनीं आपला खजिना विश्वासू धोंडोपंत नित्सुरे यांच्या ताब्यांत ठेविला होता. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. मागें राहिली त्यांची अल्पवयी विधवा जिऊबाई. नानांच्या द्रव्यावर अनेकांचे डोळे होते, स्वतः दुसऱ्या बाजीरावाचेही. त्या धामधुमींत या मुलीस आश्रय मिळाला तो लोहगडाचा. डोंगरी किल्ला, दाराशीं एकनिष्ठ वृद्ध सेवक, आंत पोरकी धनीण, बाहेर खजिन्यास टपलेले लोक. रॅडक्लिफबाईंस हें कथानक मिळतें तर त्यांनीं चार खंड लिहिले असते. इतिहासानें मात्र तें फार साध्या रीतीनें संपविलें. जनरल वेलस्ली यांच्या मध्यस्थीनें गड सोडण्याचें ठरलें, जिऊबाईस पनवेलीस राहण्याची मोकळीक आणि वर्षास १२,००० रुपयांचें वेतन मिळालें. १८१८ च्या मार्चमध्यें लोहगड इंग्रजांच्या हातीं गेला. खजिन्याचा समंध झाल्याच्या कथा पुढें कितीही निघोत. त्या मुलीचें रक्षण शेवटीं एका करारानें झालें, चमत्कारानें नव्हे.

एवढें साहित्य हाताशीं असतां मराठी कादंबरीकारांनीं त्याचें काय केलें? मराठींतील आरंभींच्या कादंबऱ्या, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८), या अद्भुतरम्यच होत्या. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथांचाही त्या काळच्या वाचकांस मोठा नाद होता. १८७२ सालीं का. बा. मराठे यांनीं ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून या अवास्तव प्रकारावर टीका केली. त्याच सुमारास, १८७१ मध्यें, रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगडा’नें ऐतिहासिक कादंबरीस आरंभ झाला, आणि हरि नारायण आपट्यांनीं ‘उषःकाल’ लिहून तिला तारुण्यांत आणलें. भुयारें, वेषांतरें, रात्रीचे प्रवास हीं सारीं गॉथिक आयुधें या कादंबऱ्यांतून दिसतात. पण त्यांचा रोख बदलला. लेखकांनीं वाडा टाळून गड निवडला. पारतंत्र्यांतील वाचकास वर चढावयाचें होतें, आणि गड हें चढण्याचें ठिकाण. वाड्यांत आपल्याच घराचा गुन्हा दडलेला होता, आणि तो उघडून पाहण्यास अधिक धैर्य लागत होतें. तें धैर्य प्रथम रंगभूमीनें भरपूर दाखविलें. १९०९ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं ‘भाऊबंदकी’ नाटक लिहिलें, आणि त्यांत भुताऐवजीं रामशास्त्र्यांस उभें केलें. १९४४ सालीं प्रभात कंपनीनें ‘रामशास्त्री’ हा बोलपट काढला. अलीकडच्या काळांत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनीं मराठी भयकथा घरोघर पोंचविली; तेथेंही जुना वाडा आणि अपुरें राहिलेलें ऋण यांची जोडी अनेकदां भेटते.

तेव्हां झपाटलेल्या वाड्याची कथा ही केवळ रिकामपणाची करमणूक आहे असें म्हणून चालणार नाहीं. जें कागदोपत्रीं बुडालें तें ती कानांत जिवंत ठेवते. पण तिचा दोषही ओळखला पाहिजे. ती हांक जपते आणि निकाल विसरते. शनिवारवाडा पाहण्यास आलेल्या मुलास ‘काका, मला वाचवा’ हे शब्द पाठ असतात. अंगावर कांटाही उभा राहतो. पण धन्यावर आडवा पडलेल्या चाफाजी टिळेकराचें नांव त्यास कोणी सांगत नाहीं. राजाला तोंडावर दोषी म्हणणाऱ्या शास्त्र्याचें नांव सांगितलें तर तें परीक्षेपुरतें. आणि ज्या दासी त्या दिवशीं मारल्या गेल्या त्यांच्या नांवानें एकही दरवाजा नाहीं. भीति ही थोरामोठ्यांच्या मरणाची वाटते. न्याय मात्र सर्वांच्या मरणाचा हिशेब मागतो.

लोणावळ्याच्या बंद बंगल्यांतून धुक्याच्या रात्रीं कोणास दिवा दिसला, तर घरांतील मुलें त्याची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरणारच. गोष्ट अवश्य सांगावी. पावसाळी रात्रीस दुसरें साजेसें काय आहे? परंतु दिवा कोठें हलला, पाऊल कोठें वाजलें एवढ्यावर ती संपवूं नये. हें घर कोणाचें होतें, तें कोणाकडून कोणाकडे गेलें, आणि जातांना कोण आडवा पडला, हेंही मुलांस विचारूं द्यावें. त्या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे वरच्या मजल्यावरचा दिवा बहुधा विझतो; आणि न विझला, तरी त्याची भीति राहत नाहीं.